कोपराखाली काही नाही

नवजात बाळांच्या वॉर्डात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. मी तिथली नर्स, कमी बोलते, म्हणून माझ्याकडचे खर्चच होत नाहीत.

आमच्या इन्चार्ज गायकवाड सिस्टर. बाळांना इन्फेक्शन होऊ नये म्हणून त्यांना नियम हवा होता: आत येणाऱ्याच्या कोपराखाली काही नको. घड्याळ, अंगठी, दोरा, बांगडी, काहीच नाही.

मोठे सर म्हणाले, "नियम करायला कमिटी आहे."

"कमिटीत नर्स कुठाय, सर?"

पुढच्या मीटिंगला एक खुर्ची वाढवावी लागली.

*

नेमकं तेव्हाच माझं लग्न झालं. हिरवा चुडा घालून ड्युटीवर गेले. नवी नवरी हाय, राहू द्या, असं सगळ्या म्हणाल्या. सिस्टरनी फक्त बेसिनकडं बोट केलं.

सासूबाईंनी मात्र बजावलं होतं, "भुंड्या हातानं घरात यायचं न्हाई." म्हणून वॉर्डात चुडा काढायचा, परतताना ऑटोत चढवायचा. एकदा ऑटोवाल्यानं आरशात बघून विचारलंच, "ताई, रोजच लग्न होऊन राहिलं का तुमचं?"

नियम लेखी झाला, तरच मला घरी तोंड उघडता येणार होतं.

*

मीटिंगला सिस्टर मला सोबत घेऊन गेल्या. सरांना नियम पटला होता, पण रिवाजाची धास्ती होती. बायका चुडा काढतील का, लोकांच्या भावना दुखावतील, वगैरे.

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही मोकळे हात टेबलावर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलले, "काढलाय, सर. आता तुमचं घड्याळ."

नियम मंजूर झाला. सगळ्या वॉर्डांना लागू!

*

घरी सांगितलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

*

मग नणंदेचं बाळ आमच्याच वॉर्डात आलं. तिला उठता येईना, म्हणून बाळाला छातीशी धरून ऊब द्यायला आजीला आत बोलावलं. सासूबाई दारात थबकल्या. लग्नापासून हातातल्या बांगड्या, निघता निघेनात. त्यांनी माझ्याकडं न बघता साबण मागितला.

तेवढ्यात तपासणीला आलेले एक साहेब तसेच आत निघाले. मनगटावर लाल दोरा. काढलेल्या बांगड्या साबणाच्या हातात घेऊनच सासूबाई आडव्या झाल्या.

"देवाचा दोरा आहे, आजी," साहेब म्हणाले.

"मग ह्या काय बाजाराच्या व्हत्या? सूनबाईचा नियम हाय. काढा."