निळे चेहरे

काल आमच्या ऑफिसात ओळखपत्रं छापायचा नवा प्रिंटर आला. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना स्क्रीनने विचारलं, रंगाची रिबन कोणती? पहिलं कार्ड बाहेर पडलं, तापलेल्या रिबनचा वास नाकात शिरला आणि मी थेट आखातात, रोल्ला भागातल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या दुकानात जाऊन पोचले.

तिथे एकदा मालक साजिदभाईंनी ड्रायव्हरमध्ये भलतीच रिबन निवडली होती. फोरमन गफूर आपल्या कामगारांची गेटपास कार्डं न्यायला आला, तर सगळे चेहरे निळे. "हबीबी, मशीन का प्रॉब्लेम है," साजिदभाई हसून म्हणाले. गफूरने त्यांची मान धरून तोंड काउंटरवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. कार्डांवर रक्त सांडलं. प्रिंटर उचलून त्याने भिंतीवर फेकला, तशी रंगीत रिबन दुकानभर उलगडत गेली.

तेव्हा मला तो जनावर वाटला. आता आठवतात ते त्याचे हात, खाली बसून एकेक कार्ड पालथं घालणारे.

"कल मेरा एक आदमी टंकी में उतरा था," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "निकाला, तो मुँह इसी रंग का था."