अर्ध्या तोंडाचा प्रयोग

भूमच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणारे काळे सर तोंड अर्धंच धुवायचे, बोलायला मात्र पूर्ण वापरायचे. बाभळीच्या सालीतल्या तुरट द्रव्यानं हिरड्या सडवणारे जंतू मरतात, हे त्यांनी काचेच्या बशीत पाहिलं होतं. आता माणसाच्या तोंडात पाहायचं, तर तोंड कुणाचं? सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, साफ नकार दिला. मग सरांनी स्वतःचंच घेतलं. उजवीकडे सालीचा अर्क, डावीकडे नुसतं पाणी. विज्ञान म्हणजे विज्ञान!

मी दातांची डॉक्टर होऊन भूमलाच दवाखाना थाटला, ही त्यांची मोठीच सोय झाली. बाजारच्या दिवशी ते माझ्या बाकड्यावर बसून माझेच पेशंट माझ्या डोळ्यांदेखत पळवत.

"ती मशीन नुसती घरघर करती. बाभळीवर विश्वास ठेवा. झाड खोटं बोलत न्हाय."

"सर, झाड बोलतच नाही, म्हणून तर तुमचं फावतं," मी म्हणायची. ते खूश होऊन हसत.

एकदा त्यांना बळेच खुर्चीत बसवलं. डावीकडच्या हिरड्या सुजलेल्या, उजवीकडच्या खरंच बऱ्या. माझी चांगली जिरली. पण उजव्या गालात आतून पांढरा, खरबरीत चट्टा होता.

"सर, तंबाखू कुठं धरता?"

"उजवीकडंच की! अर्क तिथंच लावतो न्हाय का? बाभूळ घेती सांभाळून."

एवढा शिकलेला माणूस! बशीत जंतू होते, तंबाखू नव्हती, एवढं तरी कळावं? मी ओरडलेच. सोलापूरला तपासून या म्हटलं, तर म्हणाले, "प्रयोग पुरा होऊ दे, पोरी." प्रयोगाआधी त्या चट्ट्याची कॅन्सरची गाठच पुरी झाली. ऑपरेशनमध्ये उजवा जबडा गेला आणि त्याच्याबरोबर त्या बऱ्या झालेल्या हिरड्याही गेल्या. मला सरांचा भयंकर राग आला आणि घरी येऊन मी रडले.

काही महिन्यांनी सर पुन्हा बाकड्यावर येऊन बसले. शेजारच्या माणसानं तंबाखू मळायला घेतली, तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि काहीतरी बोलले. शब्द नीट फुटेनात.

"काय म्हणत्यात हो, मॅडम?" त्या माणसानं मला विचारलं.

मला कळलं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी सांगितलं, "सर म्हणतात, बाभळीत खोट न्हाय. खोट माझ्यात हाय."

सरांनी मान हलवली आणि पुढचं बोलू लागले. मी हातमोजे काढले आणि त्यांच्या शेजारी बाकड्यावर जाऊन बसले.