कावीळ उतरेपर्यंत

वडिलांच्या यकृताचा कॅन्सर कळला तेव्हा तो पसरलेला होता. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, त्यामुळं डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडं. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी साफ सांगितलं, "केमो देता येईल, पण आधी कावीळ उतरू द्या. हे औषध अंगातून बाहेर काढायचं काम यकृताचंच, आणि यांचं यकृत तेवढं चालत नाही. औषध साचलं तर कॅन्सरच्या आधी तेच घात करील."

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "कावीळच ना? मग सोपं हाय."

दुसऱ्या दिवशी चुलते त्यांना फुलंब्रीकडच्या एका गावात घेऊन गेले. तिथं एक बाई कावीळ उतरवायची. तळहाताला कसला तरी रस चोळायचा आणि हात चुन्याच्या निवळीत धरायचे. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. वडील खुशीतच परतले.

"लई पिवळं पाणी निघालं. आता लाव म्हणावं डॉक्टरला केमोचं सलाईन."

मी बी.एस्सी., विषय केमिस्ट्री. वडिलांना म्हणालो, "दादा, तो आंब्याच्या सालीचा रस असतो. चुन्यात गेला की पिवळा होणारच. माझे हात धरले असते तरी झालं असतं."

"मग तुला बी कावीळ आसंल," चुलते म्हणाले. वडील पोट धरून हसले.

रक्त तपासलं. कावीळ वाढली होती. मी निम्म्या डोसचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "या अवस्थेत निम्म्यानंही फायदा दिसत नाही, त्रास मात्र होईल. पोटात साचलेलं पाणी काढू, दुखणं कमी ठेवू." वाद घालण्याजोगं काही नव्हतं. रिक्षात वडिलांना सगळं सांगितलं. "व्हय," म्हणाले.

मग घरी माणसं भेटायला यायला लागली. आत्या माझ्या तोंडावर म्हणाली, "एवढा शिकलास, आन् बापाला केमो द्यायची झाली नाय व्हय रं तुला?"

मी यकृताचं पहिल्यापासून सांगायला लागलो. वडील खाटेवरून म्हणाले, "त्याला काय बोलतीस? त्यो तयार होता. मीच नको म्हणलं."

तसं काही झालं नव्हतं. आत्याला मात्र ते लगेच पटलं. ती त्यांचे पाय दाबायला बसली आणि मी चहा ठेवायला उठलो.