बाबांच्या सायकलवरची बरणी

माझे बाबा माझ्या घरी जेवत नसत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. महिना-दीड महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, चहा प्यायचे, जावयाशी निवडणुकीवर तावातावानं बोलायचे. जेवायची वेळ झाली की पिशवीतून मुरमुरे आणि स्वतःची बरणी काढायचे. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बहुतेक घरांत ते वर्षा-दोन वर्षांत आटोपतं. बारशाला येतात, पोटभर जेवतात, झालं. आमच्या लग्नाला दहाच्या वर वर्षं होऊन गेली होती आणि मूल होणार नाही हे नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. मी रडून घेतलं, नवऱ्यानं रडून घेतलं, आणि आम्ही दोघं गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या किराणा दुकानात पुन्हा उभे राहिलो. त्या दुःखाची सवय झाली. बाबांच्या बरणीची मात्र होईना.

शेती भावाकडे सोपवल्यापासून बाबांच्या पायाला भिंगरी लागली होती. सडक अर्जुनीकडच्या आमच्या गावातून निघायचे, कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकवाल्यांशी गप्पा ठोकायचे, नागझिऱ्याजवळ एका ओळखीच्या गाइडकडे मुक्काम करायचे, मग तिरोडा, मग मी. चार-पाच दिवसांची फेरी. शहरातली पोरं हेल्मेट घालून हेच करतात तेव्हा त्याला सायकल टूर म्हणतात. बाबा म्हणायचे, जरा फिरून येतो. धाब्यावरच्या तेलानं त्यांची छाती जळायची, म्हणून खाणं सोबत. बरणीत असायचं फल्लीदाण्याचं लोणी. आमच्याकडे शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतात. ते भाजायचे, सोलायचे आणि तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवत राहायचं, बस. आमच्या दुकानात पीनट बटरचे डबे असतात. त्यातलं त्यांनी एकदा चाखलं होतं आणि ही तर मिठाई आहे म्हणून तोंड वाकडं केलं होतं. गावाकडे माझी वहिनी त्यांना हे लोणी करून द्यायची.

एका वैशाखात ते भर उन्हात आले. हातपाय धुतले, ओसरीवर बसले, बरणीचं झाकण उघडलं आणि वास मला आत स्वयंपाकघरात आला. जुन्या, विझलेल्या दिव्याच्या तेलाचा येतो तसा. मी म्हटलं, बाबा, हे खवट झालं, फेकून द्या. आत गरम भात होता, वांग्याची भाजी होती. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मुरमुऱ्याला लावून सगळं खाल्लं. ऊन उतरल्यावर गावाकडे निघाले. मुरदोलीच्या जंगलात त्यांना उलट्या सुरू झाल्या. एका चहावाल्यानं त्यांच्याच फोनवरून मला कळवलं. आम्ही गाडी काढून तिथं पोचलो तेव्हा ते टपरीतल्या बाकड्यावर आडवे होते, तोंड एवढंसं झालेलं. मी रडले नाही. मी झापायला सुरुवात केली. घरात ताजं अन्न असताना हे सडकं कशाला खाल्लं, माझ्या घरच्या भातात काय विष आहे, लोक मला काय म्हणतील, सगळं. चहावाला ग्लास विसळायचा थांबला.

बाबांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “मी तुह्या घरी जेवलो त त्याचा अर्थ का होते? हेच, का मी आस सोडली. बापानं आस कशी सोडाव, बाई?”

इतकी वर्षं मी समजत होते की ते मला कमी लेखतात. रिवाजाच्या आड लपतात. आणि हा माणूस माझ्यासाठी मुरमुरे खात होता! राग कुठं ठेवावा मला कळेना. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांना माहीत होतं. मग ही आस कशाची? पण आजारी माणसाला तिथं बाकड्यावर कोण विचारणार? आम्ही त्यांना सलाइन लावून आणलं आणि भाऊ येऊन घेऊन गेला.

माझा एक स्वभाव आहे. एखादी गोष्ट बिघडली की ती काऊन बिघडली हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. दुकानातला वजनकाटा बंद पडला तर दुरुस्तीवाल्याच्या आधी मीच तो उघडून बसते. नवरा म्हणतो, ही दुकान कमी चालवते आणि चौकशी जास्त करते. बाबांची आस माझ्या हातात नव्हती. बरणी होती. मी ठरवलं, माझ्या घरी जेवत नाहीत तर ना जेवोत, पण सडकं खाणार नाहीत.

बाबा बरे झाल्यावर मी फोनवर त्यांची उलटतपासणी घेतली. बरणी कुठं ठेवता? कॅरियरला बांधतो. उन्हात? मग काय सावलीत सायकल चालवू? काढता कशानं? बोटानं. हात धुऊन? हो तर, धुऊनच, आपण काय घाणेरडे आहोत? म्हणजे ओलं बोट. बरं, वर जे तेल तरंगतं त्याचं काय करता? ते म्हणाले, ते जास्तीचं असतं, ते मी चेनीला घालतो, चेन मस्त चालते. मी कपाळावर हात मारला.

मग मी दुकानातच उद्योग मांडला. एकाच घाण्याचं लोणी लहान लहान काचेच्या बाटल्यांत भरलं. एक खिडकीत उन्हात ठेवली. एक तांदळाच्या पोत्यांमागे अंधारात. एक अर्धीच भरली. एकीत पाण्याचा थेंब टाकला. गिऱ्हाईक विचारायचे, भाभी, ये क्या दवाई है? पाण्याच्या थेंबाची बाटली सगळ्यांत आधी गेली, तिला बुरशीची मिशी फुटली. खिडकीतली खवट झाली. अर्धी भरलेलीही मागोमाग गेली, तेव्हा कळलं की आतली रिकामी जागासुद्धा खाते लोण्याला. अंधारातली, काठोकाठ भरलेली तशीच राहिली. मी रोज सकाळी झाकणं उघडून वास घ्यायची. एवढी उत्सुकता मला बारावीच्या निकालाचीही नव्हती.

हळूहळू सगळं जमलं. काळे, सुरकुतलेले दाणे आधी निवडून फेकायचे. मंद आचेवर भाजायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे, नाहीतर झाकणाला आतून वाफ धरते. वरचं तेल ओतायचं नाही, तेच त्याचं पांघरूण. बाटली मोठी नको, दोन दिवसांत संपेल एवढीच, म्हणजे बाकीच्या बंद राहतात. मुक्कामाला बाटल्या उलट्या करून ठेवायच्या, सकाळी सरळ, म्हणजे तेल पुन्हा मिसळतं. कॅरियरवर नाही, पिशवीत कपड्यांच्या मधोमध, आणि पिशवीवर भिजवलेलं गोणपाट. सायकल चालली की वारा लागतो आणि आत गारवा राहतो. चमचा लाकडी, कोरडा, बाटलीच्या गळ्याला दोरीनं बांधलेला. बोट घातलंत तर बघा, अशी तंबीही दिली.

खरा पेच पुढे होता. हे लोणी मी केलं तर ते कोणाच्या घरचं? बाबा ओसरीवर बसून विचार करत होते. दाणे त्यांच्या बांधावरच्या भुईमुगाचे. मीठ त्यांनी पुडीत बांधून आणलं होतं, माझ्या डब्यातलं नको म्हणून. नवरा मिस्कील, त्यानं विचारलं, मामाजी, गॅस कोणाचा? बाबांनी मिठाची पुडी पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाले की विस्तव कोणाच्या बापाचा नसतो. भाजलेलं चालतं, दाणा पाण्यात शिजला की तो त्या घरचा झाला. मी म्हटलं, वा, कायदा तर चांगला पाठ आहे. ते हसले. मी पण हसले, पण आतून मला चरचरलं.

उरलेला उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बाबा गोंदियाहून सालेकसा, तिथून देवरी, तिथून परत कोहमारा, असे कुठंकुठं फिरले आणि एक बाटली खराब झाली नाही. फोनवर कौतुक करायचे. नागझिऱ्याच्या गाइडनं स्वतःसाठी मागून घेतली म्हणे. मी दुकानात मिरवत होते. एके दिवशी दाणे भाजत असताना नवरा मागून आला आणि म्हणाला, “क्या बात है. आता तर त्यांना आपल्या घरी जेवायची गरजच नाही राहिली. पक्की सोय करून दिली तू.”

मी त्याच्यावर खेकसले. तो हसत दुकानात गेला आणि मी झारा धरून उभी राहिले. खरंच होतं की. मी एवढी अक्कल लावून काय केलं होतं? बापाला माझं ताट नाकारता यावं, अगदी आरामात, वर्षानुवर्षं, याचीच व्यवस्था केली होती. एकदा मनात आलं, मुद्दाम ओला चमचा घालून द्यावा. पण हात धजेना. मुरदोलीचं ते बाकडं डोळ्यांसमोर यायचं. दाणे मात्र तेवढ्या वेळात करपले.

धान कापणी झाल्यावर, थंडीत, बाबा आले. दुपारची वेळ. मी नव्या तांदळाचा भात टाकला होता आणि लाखोरीच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीला लसणाची फोडणी दिली होती. बाबा ओसरीवर बसले. पिशवीतून शेवटची बाटली काढली, झाकण फिरवलं, चमचाभर लोणी तोंडात घातलं आणि म्हणाले, हे खवट लागून राहिलं.

माझा तिळपापड झाला. माझं लोणी आणि खवट? मी बाहेर आले, त्यांच्या हातातून चमचा घेतला, चाखलं. इतकं सुरेख होतं ते, दाण्याचा ताजा वास, कुठं कडवटपणा नाही. मी सुरूच झाले. उन्हाळ्यात टिकलं ते या थंडीत कसं खवट होईल? दाणे मी एकेक निवडले आहेत. बाटली काठोकाठ होती. जीभ दाखवा डॉक्टरला. नवऱ्याला दुकानातून हाक मारली, त्यालाही चाखवलं. तो म्हणाला, अच्छा तो है, मामाजी.

बाबा झाकण लावत होते, काढत होते. मुरमुऱ्यांची पिशवी त्यांनी उघडलीच नव्हती. मग हळू आवाजात म्हणाले, “मले त खवटच लागते. आता मी दुसरं का खाऊ?”

हे म्हणताना ते बाटलीकडे बघत नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

मी मूर्खासारखी उभी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुन्हा चमचा घातला, पुन्हा चाखलं, तोंड वाकडं केलं. “हो बाबा,” मी म्हटलं. “खवटच आहे. माझंच काहीतरी चुकलं.” नवरा काही बोलायला गेला तर मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाला, हां, थोडा तो है. आता खराब झालेलं खाऊन पुन्हा आजारी पडायचं का, आणि या वेळी दुसरं काय मिळणार, असं मी आपलं मोठ्यानं बोलत राहिले, म्हणजे कोणाला काही ठरवल्यासारखं वाटू नये. बाबा मान हलवत होते. त्यांनी हात धुतले आणि आत येऊन पाटावर बसले.

मी वाढलं. भात, वर लाखोरीची भाजी, कडेला मिरची. त्यांनी आस सोडली होती, की आस न सोडताही जेवायची वाट शोधली होती, की म्हातारपणी नुसती भूक लागली होती? मला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. हे मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. वाटी हातात धरून मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

बाबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. सावकाश चावला.

“भात जरा गिल्ला झाला,” ते म्हणाले.

लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या बापानं माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं. मी म्हटलं, नवा तांदूळ आहे, पाण्याचा अंदाज चुकला, आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.