ट्रायपॉडवरचा पोळपाट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेंगळुरात, बसवनगुडीतल्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. कायम करायचं की नाही ते मार्चमध्ये बघू, असं मुख्याध्यापिकांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे जूनपासून मी त्यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान वर्गांना झाडापानांच्या स्लाइड्स दाखवायच्या होत्या, पण प्रोजेक्टर टेबलावर ठेवला की मुलांच्या डोक्यांच्या सावल्या पडद्यावर पडायच्या. "फोटो क्लबचा ट्रायपॉड आहे ना, त्यावर एखादी फळी बसवा. जमेल ना?" मी लगेच हो म्हटलं. ट्रायपॉडच्या डोक्यावर एकच बारकासा स्क्रू असतो आणि तो कॅमेऱ्यासाठी असतो, चार-पाच किलोच्या प्रोजेक्टरसाठी नाही, हे मला घरी जाताना आठवलं.

वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून त्या स्क्रूच्या मापाचा नट घेतला. दुकानदार म्हणाला, "फळीला आरपार भोक पाडा अक्का, आणि नट वरून बसवा. स्क्रू आवळला की नट लाकडात घट्ट रुततो. खालून चिकटवू नका, गोंदाचा भरवसा नाही." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं.

घरात प्लायवूडचा तुकडा होता, तो वाकत होता. जाड, सपाट असं एकच लाकूड होतं, आईचा सागवानी पोळपाट. आईने तो दिला, पण म्हणाली, "आरपार भोक नको पाडू हं. भोकाच्या पोळपाटावर लाटलं की घरात बरकत राहात नाही." चार पिढ्या बेंगळुरात राहून आमचं बरंच काही विसरून झालं होतं, हे मात्र नाही. वाद घालायची मला भीती वाटली. मी पोळपाट उलटा केला, वडिलांच्या जुन्या गिरमिटाने अर्ध्या जाडीपर्यंतच भोक पाडलं आणि नट खालून गोंदाने चिकटवला. जे करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच.

सकाळी ओढून पाहिलं तर घट्ट होता. सभागृहात पोळपाट स्क्रूवर फिरवून बसवला आणि प्रोजेक्टर सायकलच्या ट्यूबने त्यावर बांधला. चित्र पडद्यावर नीट यावं म्हणून ट्रायपॉडचं डोकं थोडं पुढे झुकवावं लागलं. तेव्हा लक्षात आलं. सपाट होतं तोवर वजन ट्रायपॉडवर होतं, आता ते त्या गोंदावर लटकत होतं.

मुलं आली. जागा पुरेना म्हणून दुसरीतल्या दोन मुली थेट ट्रायपॉडच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या. "पुढे सरका गं," मी म्हटलं. "मिस, इथूनच छान दिसतं," त्या म्हणाल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मनाला बजावून मी दिवे घालवायला सांगितलं.

चौथ्या की पाचव्या स्लाइडला कट् असा आवाज आला. मी डावा हात पोळपाटाखाली घातला. मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत बसल्या होत्या. थांबा, हे पडेल, एवढंच म्हणायचं होतं. तेही म्हणाले नाही. उजव्या हाताने बटण दाबत होते, वडाचं पान, पिंपळाचं पान, आणि खाली त्या दोघींच्या वेण्यांमधले पांढरे भांग दिसत होते. प्रोजेक्टरच्या पंख्याच्या घरघरीने पोळपाट हातात थरथरायचा. मनगट बधिर झालं तरी हात काढायची हिंमत झाली नाही. अशी चाळीस मिनिटं गेली. नोकरीपायी मी त्या पोरींची डोकी पणाला लावली होती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

"छान झालं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही हेच वापरू." मी मान हलवली. सगळे गेल्यावर ट्रायपॉडचं डोकं पुन्हा सपाट केलं, ट्यूब सोडून प्रोजेक्टर उतरवला आणि पोळपाट काढायला फिरवू लागले. फिरवावा लागलाच नाही. तो सरळ वर उचलला गेला. नट ट्रायपॉडच्या स्क्रूवरच राहिला होता, त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला. सगळा वेळ तो प्रोजेक्टर फक्त माझ्या हातावर होता.

दुपारी घरी पोळपाट आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. बरकतीवर ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच बसले होते. आईने त्या अर्ध्या भोकात बोट घालून पाहिलं.

"खाली पोरं बसणार, हे काल का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. मग उठली, गिरमिट आणून माझ्यासमोर ठेवलं आणि पोळपाट दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरला. "पाड आरपार."