उस्ताद आणि मेणाची डबी

नंदुरबारात माणसं भेटली की रामराम करत, सलाम करत. उस्ताद हनुवटी धरत. तुमचं तोंड उजेडाकडे वळवून ते आधी ओठ बघणार, आणि मग घरी कोण आजारी आहे ते विचारणार. वाण्याच्या दुकानात सौदा घेताना त्यांनी एकदा वाण्याचेच ओठ तपासले होते. "शेठ, तुन्हा ओठ शेतस का नांगरेल वावर?" आपले ओठ आहेत की नांगरलेलं वावर, या विचारात वाणी बिचारा गूळ तोलायचा विसरला.

त्यात त्यांची चूक नव्हती. लग्नाच्या बँडचे ते म्होरके, कॉर्नेट वाजवणारे. आजोबा-पणजोबांपासून त्यांच्या घराण्याचा मुक्काम याच गावात, आणि पोट ओठांवर. आमच्याकडे लग्नसराई थंडीत जोर धरते, आणि खानदेशातली कोरडी थंडी आधी ओठांवरच येऊन बसते. मी दिवसा मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, कामाला होतो आणि संध्याकाळी त्यांच्याकडे कॉर्नेट शिकत होतो. शिकत होतो म्हणजे सूर लावण्यापूर्वी ओठ चाटत होतो. ही माझी खोड. घाबरलो की चाट, कंटाळलो की चाट, आणि वर आलेलं सालपट दातांनी ओढ.

"जीभ मझार!" उस्ताद ओरडायचे. म्हणजे जीभ आत. "ओठ थंडीमुये नही फुटतस रे, जिवनी तगमगमुये फुटतस."

हे सांगताना ते स्वतः अंगणात येरझाऱ्या घालत असत. त्यांना बसलेलं मी जेवतानाच पाहिलं, तेही उकिडवं. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावर बोटं वाजवायची सवय होती. न्हाव्याकडे त्यांची दाढी म्हणजे न्हाव्याची सत्त्वपरीक्षा.

ओठांचे त्यांचे इलाज ठरलेले. सकाळी दुधावरची साय. बाहेर जाताना मेणाची डबी: मोलगीकडच्या डोंगरातून आलेलं मधाच्या पोळ्याचं मेण आणि मोहाच्या बियांचं तेल मंद निखाऱ्यावर एकजीव करायचं आणि थिजू द्यायचं. वासाला ते असं की लावणाऱ्याच्या जवळ कोणी येत नसे. पण ही डबी आम्हा वाजवणाऱ्यांसाठी. स्वतः उस्ताद अंघोळीनंतर फक्त बेंबीत तूप घालत. मी एकदा विचारलं, "उस्ताद, फुटतात ओठ, आणि तूप बेंबीत?"

"ओठवरलं तुन्हासारखा चाटी टाकस," ते म्हणाले. "बेंबीमाधलं कोण चाटी?"



त्या माघात म्हसावदला एका मोठ्या घरचं लग्न होतं. उस्तादांच्या खालच्या ओठाला मधोमध एक चीर पडली होती. ती तूप, साय, कशालाच दाद देईना. एके संध्याकाळी त्यांनी कॉर्नेट माझ्या हातात दिलं. "म्हसावदले पुढला सूर तुन्हा. मन्हा ओठ थकनात." पुढचा सूर म्हणजे वरातीचा मान. तो दुसऱ्याच्या तोंडी देताना त्यांची बोटं माझ्या खांद्यावर थांबता थांबत नव्हती.

मला आनंद झाला आणि त्या आनंदात मी दोन्ही ओठ सोलून काढले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ताजं मेण करायला सांगितलं. मी पथारीवर दिवसभर मिरच्या उलथवून थेट निखाऱ्यापाशी बसलो. मेण विरघळलं, पण थिजेना. मी बोट घालून बघितलं. पुन्हा बघितलं. मग काडी कुठे शोधा म्हणून बोटानंच ढवळलं. धीर हा गुण मला देवानं दाखवून परत घेतला आहे.

म्हसावदच्या वेशीवर बैलगाड्या सुटल्या. तापीच्या पात्रातल्या वाऱ्यानं सगळ्यांचे ओठ वाळले होते. डबी फिरली, उस्ताद सोडून सगळ्यांनी भरपूर लावलं, मी सर्वांत जास्त. नवरदेव घोड्यावर बसला, ताशा कडाडला, मी कॉर्नेट तोंडाला लावलं आणि ओठांना आग लागली. शेजारचा क्लॅरोनेटवाला एका पायावर नाचू लागला. त्याच्या मागचा ओंजळभर पाण्यासाठी हौदाकडे पळाला. ओसरीवरची एक म्हातारी म्हणाली, "बाई वं, हाऊ बँड रडी का ऱ्हायना?"

उस्तादांनी डबी हुंगली. शिंकले. मग माझी बोटं नाकाशी नेली. पुन्हा शिंकले.

"हात धोयात का?"

मी नकारार्थी मान हलवली. बोलण्याजोगे ओठ उरले नव्हते.

घोडा अडून उभा, वरमाय बघतेय, मुहूर्त सरतोय. उस्तादांनी माझ्या हातातून कॉर्नेट घेतलं, सदऱ्याला पुसलं आणि वाजवू लागले. मारुतीपासून मांडवापर्यंत एकटे, ताशाच्या साथीनं. बेंबीतल्या तुपानं त्यांची लाज राखली, ती चीर मात्र राखली नाही. मांडवात पोहोचलो तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके होते. लोकांना वाटलं, गुलाल.

परतीच्या गाडीत मी शिव्यांची वाट बघत होतो. गाडी तापीच्या वाळूत शिरली तेव्हा त्यांनी कॉर्नेट माझ्या मांडीवर ठेवलं. "मन्हं झायं. आते तू वाजाड. पन जीभ मझार."

त्यानंतर त्यांनी कॉर्नेट तोंडाला लावलं नाही. पुढच्या हंगामात मी वाजवायचो आणि उस्ताद माझ्यासमोर उलटे चालायचे, डोळे माझ्या ओठांवर. जीभ दिसली की काठी उगारत. एकदा असेच उलटे चालता चालता गटारात गेले. तिथूनही आवाज आला, "सूर सोडू नको!"

मग सुरतेहून त्यांच्या मुलीचा निरोप आला, आता इकडेच राहा. गाडीची वेळ भर कामाची. मी पहाटे मेण करून ठेवलं होतं, ते पथारीवरच डबीत भरलं आणि स्टेशनवर धावलो. उस्ताद खिडकीशी बसले होते. बसले होते, हेच मला बघवेना. त्यांनी गजातून हात काढून माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं.

"नीट शेतस," म्हणाले.

मी डबी पुढे केली. त्यांनी ती घेतली; सवयीनं ती त्यांच्या नाकाकडे निघाली, आणि अर्ध्यातच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, न हुंगताच बोट बुडवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं मेण ओठांना लावलं. चांगलं जाड.

शिट्टी झाली, गाडी हलली. मला रडू आलं. मी डोळे पुसले, आणि डोळे असे चुरचुरले की मी जागच्या जागी उडालो. हातांकडे बघितलं. लालभडक.

आसवांतून कसंबसं वर पाहिलं, तर लांब गेलेल्या खिडकीत उस्तादांचा हात तोंडासमोर जोरजोरात हलत होता. मला निरोप देत होते की ओठांना वारा घालत होते, देव जाणे. मी मात्र लगेच जीभ आत घेतली.