सोनेरी टोकांची केबल

परवा सांगलीच्या एका दुकानात टीव्हीची केबल घ्यायला गेलो, आणि खोकं उघडताच, काही वर्षांपूर्वी घरी आलेल्या केबलला होता तोच नव्या रबराचा उग्र वास नाकात शिरला. कुपवाडच्या कारखान्यात जन्मभर पत्रा ठोकून आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान गेले होते. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी ते म्हणायचे, "नीट ऐकू येत न्हाई." आई म्हणाली, कानाचं मशीन आणूया. शिरवळला नोकरीला असलेल्या दादाने मात्र फोनवरूनच निकाल दिला, "दोष टीव्हीसंगं आलेल्या त्या फुकटच्या वायरीत हाय," आणि मोठ्या कंपनीची, सोनेरी टोकांची महागडी केबल पाठवून दिली. नवी वस्तू म्हणून आईने तिलाही हळदकुंकू लावलं. जोडताना मी टीव्हीचा आवाज पार बंद केला होता. पडद्यावर कुस्ती दिसायला लागली आणि मी आवाज सुरू करणार, एवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. "आबा, कसा येतोय आवाज?" मी तोच प्रश्न आबांच्या कानाशी ओरडलो. आबा फोनकडे बघून हसले. "लय झ्याक येतोय रं! मैदानात बसल्यागत वाटतंय." खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. आईने तोंडाला पदर लावला. कानाचं मशीन काही आलं नाही. आता आबांच्या श्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांना दादा दरवर्षी सांगतो, "केबल घ्यायची तर भारीच घ्या. आमच्या आबांना फरक लगेच कळला होता."